दोन निरोपांतला एक

१२ जून, बुधवार

काल दुपारी ओदिलिया मला म्हणाली, "तूच वाच," आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. बाउतिस्ता मेला तेव्हा नव्हतं बदललं. हे कुणापाशी बोलता यायचं नाही, म्हणून इथे लिहितोय. भाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा मी आमच्या मिठागराच्या वखारीत पोती शिवत होतो. सुई बोटात घुसली, आणि मनात पहिलं आलं ते त्याचं नाव नव्हतं, त्याच्या बायकोचं, ओदिलियाचं होतं.

मिठाचा ट्रक भरून तो डोंगर उतरत होता. पावसाने रस्त्याची कड सुटली होती. प्रेत शहराच्या इस्पितळात पडलंय आणि मधला रस्ता वाहून गेलाय. रस्ता होईल तेव्हा शवपेटी येईल. तोवर आईने टेबलावर त्याचा फोटो आणि टोपी मांडून रोज संध्याकाळी जपमाळ सुरू केलीय. बायका येतात, गरम वाइन पितात, भोपळ्याचे घारगे खातात आणि त्याला संत करून घरी जातात. जिवंतपणी याच बायका त्याला मोजून शिव्या द्यायच्या.

पेटी उंबऱ्याबाहेर नेण्याआधी मेलेला माणूस बोलतो. म्हणजे त्याच्या तोंडून दुसरा कुणी कवनं म्हणतो, आणि सगळ्यांत शेवटी निरोपाचं. घर कुणाच्या हाती, म्हातारी कुणाच्या हाती, सगळं त्या निरोपात येतं, आणि पेटीपाशी एकदा बोललं गेलं की गाव ते मोडत नाही. नोटरी आणि त्याचे शिक्के मागून येतात. आजवर हे काम बेलार्मिनोकाकाचं. पण मार्चात त्याचा गळा कापून आतली गाठ काढली, तेव्हापासून त्याच्या तोंडून नुसती हवा येते. मग प्रश्न पडला, कोण? आई म्हणाली, दोन वर्षं सान्तियागोला पुस्तकं खाल्लीस, ती भावाच्या तरी कामी येऊ देत. मी तिला खेकसून नाही म्हणणार होतो. तेवढ्यात ओदिलियाने चुलीपासून मान वळवली.

कायदा अर्धवट सोडून आलो तेव्हा गाव म्हणालं, नापास झाला. नापास झालो नव्हतो. एका प्राध्यापकाला भर वर्गात गाढव म्हणालो होतो हे खरं, पण त्याने मला काढलं नाही, मीच निघालो. ती इथे आणि मी तिथे, तर कलमं पाठ करून कुणाचा न्याय करायचा होता मला?

ती म्हणाली, "तूच वाच." नऊ वर्षांत तिने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं.

१३ जून, गुरुवार

सकाळभर बेलार्मिनोकाकाकडे. त्याच्या तोंडापाशी कान नेल्याशिवाय काही ऐकू येत नाही. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसं बोलतो, त्यातही टोमणे सोडत नाही. म्हणाला, वकीलसाहेब, बसा, स्टुलाचा एक पाय आखूड आहे, तुमच्या शिक्षणासारखा.

त्याला शेकड्यांनी कवनं येतात, सगळी तोंडपाठ. समुद्राचं, उलट्या जगाचं, पहिल्या बागेचं, येशूच्या वधस्तंभाचं. पेटीपाशी चार म्हणायची असतात, पाचवा निरोप. मला वाटलं होतं, तासाभरात उरकेल. पहिल्या बागेचं मी काढून टाकलं. पुरुष, बाई आणि मधे साप, हे ऐकताना माझा आवाज जागेवर राहिला नसता. समुद्राचं घेतलं. काकाने डोळे बारीक केले. बाउतिस्ताला बोट लागायची, किनाऱ्यापासून दोन वल्ही मारली की तो ओकायचा, हे गावाला ठाऊक आहे. पण त्या कवनात "तुझे डोळे" दोनदा येतं.

काकाने माझा कान ओढून तोंडाशी नेला. "कुणासाठी निवडतोयस? भावासाठी का भावजयीसाठी?"

भावासाठी, म्हणालो. तो हसला. हसण्याचाही आवाज येत नाही आता, नुसते खांदे हलतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्याला पाठच असतं सगळं, त्याला निवडण्याचं दुःख काय कळणार?

मग निरोप. लग्न झालेल्या पुरुषाचे दोनच. एक बिनलेकराचा, तो घर बायकोला सोपवतो:

नाही तान्हुले मागुती, नाही कुणी नाव घ्याया;
तुझ्या हाती देतो, सखे, घर आणि घराची छाया.
तुझ्या चुलीचा जाळ कधी विझू नये माझ्या दारी,
तूच उरलीस आता माझ्या जागी, माझ्या घरी.

आणि दुसरा लेकुरवाळ्याचा:

माझ्या रक्ताच्या अंकुरा, घर तुझे, तुझी माती;
माझी आई घेईल तुला माझ्या जागी तिच्या हाती.
आणि तुला काय सांगू, माझ्या घरच्या सोबतिणी,
सुटली गाठ, जा सुखाने, नको डोळ्यांत ते पाणी.

दुसरा ऐकून माझ्या अंगावर काटा आला. सुटली गाठ, जा सुखाने. मी पुन्हा म्हणायला लावला. काका म्हणाला, हा तुझ्या कामाचा नाही, तुझ्या भावाला मूल नाही, त्याला पहिला. एवढं बोलून तो आपल्या मातेच्या कडू चहात साखर घालायला उठला. काका कधी साखर घेत नाही. म्हातारा भ्रमिष्ट होत चाललाय.

१४ जून, शुक्रवार

आज तिने माझे केस कापले. पेटीपाशी उभं राहायचं तर माणसासारखा दिस, असं आई म्हणाली, आणि कात्री ओदिलियाच्या हातात दिली. मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा ती नवरी होऊन या घरात आली. तेव्हाही पहिल्या रविवारी तिने माझे केस कापले होते. तेव्हापासून मी तिला तोंडाने वहिनी म्हणतो आणि मनात नावाने हाक मारतो.

मानेवर तिची बोटं थंड होती. कपाटातून बाउतिस्ताचा काळा कोट तिने आधीच काढून खुंटीला लावला होता, माझ्यासाठी. तुला खांद्यात बसेल, म्हणाली. म्हणजे तिने माझे खांदे कधीतरी नीट बघितलेत.

"कुठला निवडलास?" तिने विचारलं.

अजून नाही, म्हणालो.

"बिनलेकराचा घे." कात्री थांबली. "तोच म्हण, दामासो. छोटा आहे."

दोन्ही सारख्याच लांबीचे आहेत. मी म्हणालो, वहिनी, त्यात तुला या घराला बांधून टाकतात. तू अजून तिशीची नाहीस. आयुष्यभर आईच्या हाताखाली मिठाची पोती मोजत बसशील. ती म्हणाली, बसू दे. मी म्हणालो, दुसऱ्यात तुला मोकळी करतात. ती म्हणाली, मान खाली कर.

मान खाली केली. पण मी मूर्ख नाही. जी बाई मोकळं व्हायला इतकी घाबरते, तिला मोकळं झाल्यावर कुठे जायचंय हे ठाऊक असलं पाहिजे. तिला दोनदा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही, नि दोन्ही वेळा आईने महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं होतं. अशा घरात कोण मनापासून राहील? ती मला सुचवतेय, उलट्या तोंडाने. बायका असंच सुचवतात.

पण बाउतिस्ताला मूल नाही. मग दुसरा निरोप म्हणायचा कुठल्या तोंडाने? दिवसभर डोकं फिरलंय. वखारीत जाऊन विनाकारण एक पोतं फाडलं.

१६ जून, रविवार

आहे. त्याला मूल आहे.

ओदिलिया चर्चमध्ये फुलं लावायला गेली होती. दुपारी दार वाजलं. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली एक बाई आणि तिच्या कडेवर दीडेक वर्षाची मुलगी. नाव मिरेया. डोंगरापलीकडच्या गावात, ट्रक थांबतात त्या खाणावळीत ती स्वयंपाक करते. तुटलेला रस्ता ती चालत ओलांडून आली. मी दारातच विचारलं, काय पाहिजे? आईने मला बाजूला सारलं आणि तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं, शेगडीजवळ बसवलं. मला वाटलं, आई आता किंचाळेल, आकाशपाताळ एक करेल. तिने काही केलं नाही. मुलगी माझ्या आईच्या मांडीवर गेली आणि रडलीसुद्धा नाही, उलट तिच्या गळ्यातला क्रूस ओढून चोखायला लागली. रक्ताला रक्त कळतं म्हणतात, ते हेच असणार. मुलीच्या हनुवटीला बाउतिस्तासारखीच खळी आहे.

मिरेया फार बोलली नाही. तिला माझं नाव माहीत होतं, मी वाचणार हेही माहीत होतं. म्हणाली, माझं नाव घालू नका, मी आत येऊन उभीही राहणार नाही, हवं तर फाटकाबाहेर थांबेन. फक्त ज्याच्यामागे लेकरू राहिलंय त्याचा निरोप म्हणा. "पोरगी मोठी झाल्यावर तिला कुणीतरी सांगायला हवं ना, की तिचा बाप जाताना तिच्याशी बोलला होता."

मागच्या अंगणात गेलो आणि लाकडं फोडली. जिच्या पायाच्या धुळीचीही त्याची लायकी नव्हती त्या ओदिलियाशी हा माणूस नऊ वर्षं असा वागला. मी तिच्या सावलीवर पाय पडू दिला नाही, आणि हा खाणावळीत गाडी थांबवून. मेला नसता तर आज मीच मारला असता. मेलेल्या माणसावर राग काढता येत नाही, ते फार वाईट. तो फोटोतून हसतच राहतो.

मग आई अंगणात आली. कुऱ्हाड माझ्या हातातून घेऊन ओंडक्यात रोवली. मला वाटलं होतं ती म्हणेल, झाकून टाक. ती म्हणाली, खरं असेल ते वाच. मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घालणं पाप आहे. मी म्हणालो, आणि वहिनीचं काय? आईने माझ्याकडे बघितलं. इतक्या मायेने तिने माझ्याकडे कधी बघितलं असेल मला आठवत नाही.

"तिला मोकळं कर, बाळा," ती म्हणाली. "तरुण आहे. तिने का इथे कुजावं? तुला बरं वाटेल असं एखादं माणूस तिला मिळेल."

आईला माझ्या मनातलं कळलंय. कळलंय आणि तिने रागावण्याऐवजी वाट करून दिलीय. इतकी वर्षं मी तिला कठोर समजत होतो, याची लाज वाटते. मिरेयाला आईने शेजारच्या घरी झोपायला पाठवलं, ओदिलिया चर्चमधून यायच्या आत.

१७ जून, सोमवार

रस्ता झाला. पेटी उद्या सकाळी येते.

दोन्ही निरोप पाठ झालेत. म्हणून बघितले, वखारीत, मिठाच्या ढिगाला ऐकवत. पहिला म्हणताना माझा आवाज सपाट होतो. दुसरा म्हणताना भरून येतो.

एक शंका आहे, ती लिहून टाकतो. ती पहिलाच मागतेय. स्पष्ट मागतेय. पण तिला मिरेयाचं माहीत नाही. माहीत नसलेल्या माणसाचं मागणं धरायचं का? अंधारात बसलेल्याला विचारायचं का, की दिवा लावू का? कायद्याच्या वर्गात शिकवलं होतं की फसवून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. एवढं एकच मी तिथून घेऊन आलो.

बेलार्मिनोकाका भेटला. खुणेने विचारलं, कुठला? मी म्हणालो, खरा. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

उद्या ती ऐकेल. सगळ्यांदेखत ऐकेल की तो कोण होता. आणि ज्या आवाजात ऐकेल तो माझा असेल. मग तिला कळेल, दोघा भावांत तिच्याशी खरं कोण वागलं.

१९ जून, बुधवार

कालचं लिहायला आज बसलोय, वखारीत, पोत्यावर.

घर भरलं होतं, अंगणही. पेटीवर मीठ ठेवलं, मिठाच्या वाफ्यांत काम करणाऱ्याच्या पेटीवर ठेवतात तसं, मूठभर. ओदिलिया पेटीच्या डोक्याशी उभी होती, ती घरधनिणीची जागा. चार कवनं नीट झाली. समुद्राच्या कवनात मी "तुझे डोळे" म्हणताना तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत होती. दाराशी आई होती आणि तिच्या मागे मिरेया, मुलीला घेऊन. फाटकाबाहेर थांबेन म्हणाली होती. आईनेच आत घेतलं असणार.

मग मी म्हणालो, "माझ्या रक्ताच्या अंकुरा."

कुणी हललं नाही. मला वाटलं होतं कुजबुज होईल, बायका एकमेकींकडे बघतील, कुणीतरी "काय म्हणतोय हा" म्हणेल. कुणालाच नवल वाटलं नाही. सगळं गाव ओदिलियाकडे बघत होतं, आणि मग सगळ्या गावाने एकदमच माना खाली घातल्या. मला ते बघून थांबायला हवं होतं का? मी थांबलो नाही. "सुटली गाठ" मी तिच्याकडे बघून म्हणालो, हळू, जितकं गोड म्हणता येईल तितकं. तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं नाही. राग असता तर ओळखला असता.

शेवटचा शब्द संपला आणि ती पेटीच्या डोक्यापासून बाजूला झाली. स्वतःहून. कुणी सांगितलं नाही. तिथे आई जाऊन उभी राहिली, मुलीला हातात घेऊन. पेटी उचलली तेव्हा पेटीमागे पहिली आई आणि ती मुलगी, मग मिरेया, मग मी. ओदिलिया शेजारणींच्या घोळक्यात, पार मागे. दफनभूमीपर्यंत मी चारदा वळून बघितलं. एकदाही दिसली नाही. बेलार्मिनोकाका माझ्या शेजारून चालत होता. मी त्याला हात दिला तर त्याने काठी माझ्या बाजूच्या हातात घेतली.

परत आलो तर ती तिच्या खोलीत, पेटारा उघडा. तिचा भाऊ बैलगाडी घेऊन अंगणात थांबला होता. म्हणजे त्याला निरोप गेला होता, कधी गेला, कुणी पाठवला, मला कुणी काही सांगितलं नाही. ती चादरींच्या घड्या घालत होती, चारही कोपरे जुळवून. मी दार लोटून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो, ओदिलिया.

"वहिनी म्हण," ती म्हणाली. "आजच्या दिवस तरी."

मी बोलायला लागलो आणि मला थांबता येईना. तुझ्यासाठी केलं, म्हणालो. तो तुला फसवत होता, म्हणालो. आता तुला कुणी बांधलेलं नाही, सान्तियागोला जाऊ, मी काहीही काम करीन, मीठ नाही तर विटा वाहीन. नऊ वर्षांचं सगळं बोललो. तिने हातातली चादर संपवून दुसरी घेतली.

मग म्हणाली, "मला दोन वर्षं माहीत होतं, दामासो. पोरगी पोटात होती तेव्हापासून."

मी खाली बसलो.

"मीच त्याला म्हणाले, तिचं तिकडे नीट कर, काही कमी पडू देऊ नकोस, फक्त या घरात आणू नकोस. त्याने ऐकलं. गावाने ऐकलं. तुझी आई तेवढी ऐकत नव्हती, दर महिन्याला बसने जाऊन नातीला बघून यायची." चादरीवरची सुरकुती तिने तळहाताने सपाट केली. "कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, तोवर हे घर माझं होतं. मला दुसरं घर नाही. भावाच्या बायकोच्या चुलीपाशी जायचंय आता, तिथे मला कोण विचारणार आहे? मी तुला एक कवन मागितलं होतं. एकच."

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, तू विचारलं नाहीस. मी म्हणालो, मला वाटलं तुला मोकळं व्हायचंय. त्यावर ती हसली, आणि त्या हसण्याने मला जे झालं ते शिव्यांनी झालं नसतं.

"तू छान वाचलंस," ती म्हणाली. "सगळे म्हणत होते, बाउतिस्ताच उभा आहे असं वाटलं."

पेटारा गाडीत मी ठेवला. तिच्या भावाने आभार मानले. ती आईचा निरोप घ्यायला आत गेली नाही, माझ्याकडेही वळली नाही, गाडीत बसून पायांवर घोंगडी घेतली. गाडी डोंगराच्या वळणाला गेली तेव्हा मला कळेना, मोकळी झालेली बाई अशी पाठ वाकवून का बसते. अजून नीट कळत नाही. ती रागावली आहे, राग उतरेल, असंही मधूनच वाटतं.

आत आलो. टेबलाभोवती पाहुणे जेवत होते. मिरेयाने ओदिलियाचा एप्रन बांधला होता आणि भांड्यांत कोंबडीचा रस्सा वाढत होती. कुठलं झाकण कुठल्या पातेल्याचं ते तिला अजून सापडत नव्हतं. आई मुलीला भरवत होती. तिने मला हाक मारली आणि टेबलाच्या टोकाची खुर्ची ओढली, बाउतिस्ताची. ये, बस, सकाळपासून उपाशी आहेस. मी उभाच राहिलो. मी विचारलं, वहिनीच्या भावाला कुणी बोलावलं? आई म्हणाली, कुणीतरी बोलवायलाच हवं होतं, तिने का चालत जायचं?

"कधी बोलावलंस?"

"रविवारी," ती म्हणाली आणि मुलीच्या तोंडाशी चमचा नेला.

मग तिने आवाज उतरवला, पण टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच. आता मिठागर तूच बघायचं, म्हणाली. घराला कर्ता लागतो. लेकराला बाप लागतो, आणि मिरेया काही वाईट मुलगी नाही, कामाची आहे, वर्ष उलटलं की लोक विसरतात. माझ्या अंगावर अजून बाउतिस्ताचा काळा कोट होता. मिरेया हातात पळी घेऊन माझ्याकडे बघत होती, माझ्याइतकीच घाबरलेली. रस्स्याचं भांडं तिने माझ्या जागेवर ठेवलं.

आई म्हणाली, "बस ना, बाळा. कोट तुला अगदी त्याच्यासारखा बसलाय."

मी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.